टक्केवारीत अडकलेला हक्क

आमच्या वस्तीतली एक माय गेल्या वर्षभरात आपल्या मुलाला घेऊन सात वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आली. ती शेतमजूर आहे. कापूस वेचायचा, सोयाबीन काढायचे, निंदणाला जायचे, यावर घर चालते. नवरा नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा, बारावी पास झालेला. त्याला सिकलसेल आहे, रक्ततपासणीत 'एसएस' निघालेला. लहानपणापासून महिन्या-दोन महिन्यांनी हातपाय, पाठ, कंबर असे काही दुखते की पोरगा रात्रभर तळमळतो. दोनदा रक्त द्यावे लागले. आता डाव्या खुब्यातही दुखू लागले आहे आणि तो किंचित लंगडत चालतो. या मुलाला अपंगत्वाचा दाखला मिळावा, म्हणजे कॉलेजच्या प्रवेशात सवलत मिळेल, निराधार योजनेतून महिन्याला थोडे पैसे येतील, एवढीच त्या मायची अपेक्षा होती.

पहिल्या फेरीत तिला सांगण्यात आले की अर्ज ऑनलाईन करावा लागतो. दुसऱ्या फेरीत आधार कार्डावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळत नाही असे निघाले. तिसऱ्या फेरीला साईट बंद होती. चौथ्या फेरीला बोर्ड बसले, पण ज्या डॉक्टरांनी तपासायचे तेच रजेवर होते. पाचव्या फेरीला तपासणी झाली. सहाव्या फेरीला निकाल लागला नव्हता. सातव्या फेरीला निकाल कळला, अपंगत्व ३० टक्के. हाती आले ते पांढऱ्या पट्टीचे कार्ड. चाळीस टक्क्यांच्या आत ज्याचे अपंगत्व आहे त्याला पांढरे, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळे आणि ऐंशी व त्यापुढे निळे, अशी आता रंगांची विभागणी आहे. पांढऱ्या कार्डावर ना पेन्शन, ना आरक्षण. त्या मायने मला विचारले, "दादा, तपासलं त्या दिवशी पोराचं दुखत नव्हतं. दुखते त्या दिवशी तर त्याले उचलून न्या लागते. मंग टक्के कोणत्या दिवसाचे धरायचे जी?"

सात फेऱ्या म्हणजे सात दिवसांची मजुरी बुडाली. दोघांचे एस.टी.चे भाडे गेले. सेतू केंद्रावर अर्ज भरण्याचे, झेरॉक्सचे, फोटोचे पैसे गेले. हा सगळा खर्च कोणत्याही सरकारी हिशेबात येत नाही. आणि ही गोष्ट एकट्या या घराची आहे असेही समजू नका. तहसील कार्यालयात निराधार योजनेच्या टेबलासमोर एक दिवस उभे राहा. वॉकरवर आलेला म्हातारा, अंध बाईचा हात धरून आलेली तिची सून, मतिमंद मुलाला कडेवर घेतलेली आई, सगळे तिथे दिसतात. त्यात आपली माणसे किती आहेत हे मोजायला वेगळ्या पाहणीची गरज पडत नाही.

तरीही आकडा पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती आहेत. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाख ६३ हजारांच्या आसपास आहे. लोकसंख्येशी अपंगांचे देशातले सरासरी प्रमाण २.२१ टक्के आहे, अनुसूचित जातींमध्ये मात्र ते २.४५ टक्के आहे. हा फरक आभाळातून पडलेला नाही. गरोदरपणात पोटभर अन्न नसणे, बाळंतपणाच्या वेळी दवाखाना दूर असणे, दगडखाणीत, वीटभट्टीवर, बांधकामावर, गटारात उतरून करायची कामे पिढ्यान् पिढ्या एकाच समाजाच्या वाट्याला येणे, अपघात झाला तर वेळेवर इलाज न मिळणे, अशी त्याची कारणे आहेत. गरिबी अपंगत्व आणते आणि अपंगत्व गरिबी वाढवते. आपल्याकडे या चक्रात जात हा तिसरा आराही आहे.

हा विषय आपण दयेचा, दानधर्माचा मानत आलो. अपंग दिसला की हातावर चार आणे ठेवायचे, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तीनचाकी सायकली वाटायच्या, वर्तमानपत्रात फोटो छापून आणायचा, ही या देशाची रीत आहे. पण बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने जी राज्यघटना या देशाला दिली तिच्यात कलम ४१ आहे. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा वेळी नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क मिळवून देण्यासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत तरतूद करावी, असे ते कलम सांगते. यात 'हक्क' हा शब्द आहे, 'मदत करावी वाटल्यास' असे नाही. मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयात जाता येत नाही, मग त्यांचा उपयोग काय, असा आक्षेप घेतला गेला तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी उत्तर दिले होते. ही तत्त्वे मोडणाऱ्या सत्ताधाऱ्याला न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे तो द्यावाच लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तो जाब आपण किती वेळा विचारला? आपल्या मोर्च्यांच्या मागणीपत्रकात अपंगांच्या पेन्शनची मागणी कितव्या क्रमांकावर असते?

कायदे झाले नाहीत असे नाही. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि नोकरीत ३ टक्के आरक्षण होते. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्कांच्या करारावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. सातचे एकवीस प्रकार झाले. नोकरीतले आरक्षण ४ टक्के झाले, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा ठेवण्यात आल्या, गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा ठरला. रक्ताचे तीन आजार, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल, हे प्रथमच अपंगत्वाच्या यादीत आले.

इथे विदर्भातल्या वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. सिकलसेल हा आपल्या दाराशी असलेला आजार आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट आणि तिकडे नंदुरबारपर्यंत तो पसरला आहे. आदिवासींमध्ये तो आहे, बौद्ध समाजात आहे आणि काही मागास जातींमध्येही आहे. नागपूर भागात या आजाराची नोंद १९५० च्या दशकातच झाली होती. म्हणजे तो ठाऊक असूनही कायद्याच्या पुस्तकात यायला जवळपास साठ वर्षे लागली. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत आजार हटवण्याचे लक्ष्य ठेवले. मोहिमेचा भर आदिवासी भागावर आहे आणि तो असायलाच हवा. पण नागपूर-चंद्रपूरच्या बौद्ध वस्त्यांतला रुग्णही याच आजाराने तळमळतो, हे त्या मोहिमेच्या अधिकाऱ्यांना आपणच जाऊन सांगावे लागेल.

आता या कायद्यातली खरी मेख पाहा. कलम ३४ मध्ये नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाची वाटणी दिली आहे. एक टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांना. एक टक्का कर्णबधिरांना. एक टक्का अस्थिव्यंग असलेल्यांना, त्यातच मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्याचे बळी आणि स्नायूंचा क्षय हे धरलेले आहेत. उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि यांपैकी एकापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना. या वाटणीत सिकलसेल कुठेच नाही. थॅलेसेमिया नाही, हिमोफिलिया नाही. म्हणजे सिकलसेलच्या मुलाला दाखला मिळेल, टक्के चाळीसच्या वर गेले तर कॉलेजात जागा मिळेल, पण शिकून बाहेर पडल्यावर अपंगांच्या नोकरीच्या कोट्यात तो बसणार नाही. यादीत नाव घातले आणि पंगतीत पान मांडले नाही! हा आजार वरच्या समाजात घराघरात असता तर कलम ३४ असेच लिहिले गेले असते काय, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

पेन्शनची कथाही वेगळी नाही. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजना २००९ साली सुरू झाली. तिच्यासाठी अपंगत्व ८० टक्के लागते आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचे असावे लागते. केंद्राचा वाटा किती? महिन्याला ३०० रुपये. २०१२ मध्ये तो २०० चा ३०० झाला आणि तिथेच थांबला. बाकीचा भार राज्य आपल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून उचलते. या राज्य योजनेत अपंगत्व ४० टक्के चालते. २०२३ मध्ये राज्याने सर्वच लाभार्थ्यांची रक्कम १००० वरून १५०० केली. पण २०१६ च्या कायद्याचे कलम २४ असे सांगते की, इतरांसाठी असलेल्या तशाच योजनेपेक्षा अपंगांना निदान २५ टक्के जास्त रक्कम दिली पाहिजे. २०२३ च्या त्या वाढीत अपंगांसाठी वेगळे काही नव्हते. अपंगांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, उपोषणे झाली, तेव्हा कुठे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अपंग लाभार्थ्यांची रक्कम १५०० वरून २५०० करण्याचा निर्णय घेतला. कायदा लागू झाल्यापासून आठ वर्षे उलटल्यावर! या लढ्यातून आपण घ्यायचा धडा साधा आहे. कलम पुस्तकात आपोआप जागे होत नाही, त्याला जागे करणारा लागतो.

रक्कम वाढली, पण ती मिळण्याची वाट तशीच काट्याची आहे. या योजनेसाठी अपंगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला ४१६६ रुपये आणि दिवसाला १३७. घरात चार माणसे असतील तर माणशी चौतीस रुपये. एखाद्या घरातली बाई मजुरीला जाते आणि मुलगा हमाली करतो, एवढ्यानेच ते घर 'श्रीमंत' ठरते. मग तलाठ्याकडे खोटा दाखला काढण्याची पाळी येते, आणि खोट्या दाखल्याच्या पोटातच दलालाचा धंदा असतो. प्रामाणिक माणसाला खोटे बोलायला भाग पाडणारी मर्यादा ठेवायची आणि नंतर 'बोगस लाभार्थी' म्हणून त्याच्याच नावाने बोंब मारायची, हा कुठला न्याय?

बोगसगिरी नाही असे मी म्हणत नाही. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका परीविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून देशभर गदारोळ झाला. ते प्रकरण न्यायालयाच्या मार्गाने जाईल. कायद्याच्या कलम ९१ मध्ये खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, आणि खऱ्या अपंगाची जागा चोरणाऱ्याला ती शिक्षा झालीच पाहिजे. पण त्यानंतर झाले काय? पडताळणीचा बडगा निघाला तो गावातल्या गरिबावर. ज्याच्या पायाला पोलिओ झालेला साऱ्या गावाने पाहिला आहे, त्याला पुन्हा बोर्डापुढे उभे राहा म्हणतात. आपल्या समाजाला हे नवीन नाही. जातीचा दाखला काढा, मग पडताळणी करा, मग पणजोबाच्या शाळेची नोंद आणा. आता त्याच घरातल्या अपंग मुलाला शरीराचीही पडताळणी द्यावी लागते. दोन्हीकडे पुरावा देण्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर.

नावाचेही एक राजकारण आहे. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी अपंगांना 'दिव्यांग' म्हणावे असे सुचवले आणि पाहता पाहता सरकारी कागदांवर तो शब्द आला. महाराष्ट्रात तर डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. विभाग झाला ही चांगली गोष्ट आहे. पण शब्दाबद्दल आपल्याला सावध असले पाहिजे, कारण असा गोड शब्द आपल्याला एकदा देऊन झालेला आहे. १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात अस्पृश्यांना कायद्याने 'हरिजन' म्हणण्याचे ठरत होते, तेव्हा बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. देवाचे नाव चिकटवल्याने पाणवठा खुला होत नाही, हे त्यांना पुरते कळले होते. अंगात दिव्यत्व आहे असे म्हटल्याने तहसील कार्यालयाचा जिना उतरता होत नाही. म्हणून या लेखात मी अपंग हाच शब्द वापरला आहे. ज्यांना दुसरा शब्द आवडतो त्यांच्याशी भांडण नाही.

न्यायालयांनी काही चांगले निर्णय दिले आहेत, ते कार्यकर्त्यांना माहीत असावेत. २७ एप्रिल २०२१ रोजी आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित जातीच्या एका अंध स्त्रीवरील बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जात, स्त्रीत्व आणि अपंगत्व हे तीन वेगवेगळे कप्पे करून पाहता येणार नाहीत, तिघांचा मार एकाच देहावर एकाच वेळी पडतो. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात, इमारती आणि सेवा अपंगांना वापरता येतील अशा करणे ही सूचना नसून सक्ती असली पाहिजे, असे न्यायालयाने सरकारला बजावले. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, ऑनलाईन सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सांगून अंध आणि ॲसिड हल्ल्याच्या बळींना केवायसी करता येईल अशी व्यवस्था करण्याचे आदेश दिले. कुष्ठरोगाने ज्याची बोटे झडली त्याचा अंगठा मशीनला लागत नाही म्हणून त्याचे पैसे अडवणाऱ्या बाबूपुढे हा निकाल ठेवता येतो.

आता आपल्या घरातले बोलू. आपल्या गावचे विहार पाहा. किती विहारांना पायऱ्यांच्या शेजारी उतार आहे? बुद्धपौर्णिमेला, चौदा एप्रिलला चाकाच्या खुर्चीवरचा भाऊ बाहेर रस्त्यावरूनच भाषण ऐकतो की नाही? आपल्या सभेत बहिऱ्या मुलांसाठी खुणांच्या भाषेत सांगणारा कधी उभा केला काय? अपंग मुलगी घरात आहे म्हणून तिच्या बहिणीचे लग्न अडते, आणि मागच्या जन्माच्या पापाची भाषा बौद्ध म्हणवणाऱ्या घरातही ऐकू येते. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण ती भाषा नाकारली होती. सिकलसेलच्या बाबतीत तर घरोघर लपवालपवी चालते. लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करा म्हटले की माणसे रागावतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, एवढे साधे गणित विहारात का सांगितले जात नाही?

म्हणून कार्यकर्त्यांना काही कामाच्या गोष्टी सांगतो. अपंगत्वाच्या दाखल्याचा आणि ओळखपत्राचा अर्ज जून २०२१ पासून केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरच करावा लागतो. फोटो, आधार आणि रहिवासाचा पुरावा लागतो. अर्जाचा क्रमांक लिहून ठेवावा. आधी दाखला देण्याची मुदत एक महिना होती, ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. मुदत वाढवून सरकारने आपली सोय पाहिली, पण निदान तीन महिन्यांनंतर लेखी विचारणा करण्याचा आपला अधिकार आहे. दाखला नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. तोंडी 'होत नाही' म्हणणाऱ्याकडून ते लेखी मागावे. टक्के कमी दिले असे वाटले तर कलम ५९ खाली अपील करता येते. एकदा मिळालेला दाखला देशभर चालतो, दर कार्यालयाने नवा मागण्याचे कारण नाही. सिकलसेलच्या रुग्णाने तर प्रत्येक वेळी दवाखान्यात भरती झाल्याचा कागद, रक्त दिल्याची नोंद, खुब्याचा एक्स-रे जपून ठेवावा आणि बोर्डापुढे ठेवावा, कारण तपासणीच्या दिवशी दुखणे दिसेलच असे नाही, कागद मात्र दिसतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब मागा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत तो मिळतो.

प्रत्येक विहारात रविवारी दोन तास एक टेबल लावा. शिकलेल्या दोन मुलामुलींनी बसावे, वस्तीतल्या अपंगांची यादी करावी, अर्ज भरून द्यावेत आणि बोर्डाच्या दिवशी एकाने सोबत जावे. सोबत कुणी शिकलेला असला की टेबलामागच्या माणसाची भाषा बदलते, हा माझा अनुभव आहे. आणि जे टेबलावर सुटत नाही, म्हणजे कलम ३४ मध्ये रक्ताचे आजार घालणे, केंद्राचे ३०० रुपये आणि ८० टक्क्यांची अट बदलणे, उत्पन्नाची मर्यादा वाढवणे, त्या मागण्या आपल्या संघटनांच्या आणि पक्षांच्या जाहीरनाम्यात पहिल्या पानावर आल्या पाहिजेत. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आपला असो की परका, हा प्रश्न विचारला पाहिजे.

त्या मायला अपिलाबद्दल दवाखान्यात कुणीही सांगितले नव्हते. मलाही कायदा उघडून पाहीपर्यंत ठाऊक नव्हते, हे कबूल करतो. आम्ही मागच्या आठवड्यात अपिलाचा अर्ज दिला. सोबत पाच वर्षांचे दवाखान्याचे कागद जोडले. तिने ते एका जुन्या साडीच्या फडक्यात बांधून ठेवले होते, एकही हरवला नव्हता. अर्जाची पोच घेतली तेव्हा तिने ती दोनदा उलटून पाहिली आणि शिक्का बरोबर उमटला आहे ना, असे विचारले. मुलाला पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावले आहे. ती आठवी फेरी असेल. या वेळी वस्तीतली चार माणसे सोबत जाणार आहेत.